निळा रंग वाळायच्या आधी

गाद्या नीट पसरा आधी. धाकटीला मध्ये घ्या, नाहीतर उद्या तुमची आई माझ्यावर खेकसेल की मामाने पोरीला घाबरवलं. आणि तो मोबाईल उलटा ठेव रे, डोळ्यांवर येतोय उजेड. हं. आता ऐका.

ही गोष्ट माझ्या दोस्ताची. लाकडी सामानाला पॉलिश करायचा, रंग द्यायचा. दिवसभर हातात पॉलिशपेपर, म्हणून आम्ही त्याला घासू म्हणायचो. तुमच्या वर्गातले घासू वेगळे, हा खराखुरा घासायचा. मी तेव्हा टेम्पो चालवत होतो. एका शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला.

"टेम्पो रिकामा आहे का? एक कपाट आणायचंय. बहिणीसाठी."

त्याची बहीण नवऱ्याचं घर सोडून नुकतीच त्याच्याकडे आली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. केस वेडेवाकडे कापलेले, मानेपर्यंत. ते तिने कापले नव्हते. हात कसा मोडला ते तिने भावाला एकदाच सांगितलं. नवऱ्याने तिचा हात दाराच्या चौकटीवर धरला आणि दार लावलं. दोनदा. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता. बोलायला इतका गोड आणि हळू, की पहिल्या भेटीत कुणालाही वाटावं, काय सज्जन माणूस आहे.

तिचे कपडे अजून पिशव्यांमध्येच होते. घासूला ते बघवेना. म्हणून कपाट.

एक जुनं घर पाडायला काढलं होतं, त्याच्या वरच्या खोलीत ते होतं. ओढायच्या पाच खणांचं, छातीपर्यंत उंच, सागवानी, वर चॉकलेटी रंगाचे थरावर थर. त्या खोलीला चौकट होती, दार नव्हतं. मालक म्हातारा माणूस. आम्ही दोघं कपाट उचलताना घामाघूम झालो, पण त्याने हात लावला नाही. खाली आल्यावर एवढंच म्हणाला, "भिंतीला लावून ठेवा. पाठ भिंतीकडेच राहू दे."

घासू हसला. "पाठ भिंतीकडेच असते हो, काका."

म्हातारा हसला नाही.

शनिवारी दोघं भाऊबहीण कामाला बसले. ती डाव्या हाताने घासत होती. मी चहाच्या वेळेला डोकावलो, तर बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज ऐकू आला.

"निळा दे दादा. आणि खणांवर पांढरी फुलं काढ."

"फुलं मला येत नाहीत. मागच्या वेळी काढली तर लोक विचारायचे, हे कोळी आहेत का."

ती हसली. मी तिला हसताना बघितलं ते तेव्हाच.

कपाटाच्या पाठीला प्लायवूड ठोकलेलं होतं, नंतर कुणीतरी. त्याला वाळवी लागली होती म्हणून घासूने ते काढलं. 

आतल्या मूळ पाठीवर घाव होते. कुऱ्हाडीचे. एक नाही, दोन नाही, सगळी पाठ फोडून काढलेली. काही घाव तर आरपार, खणांच्या मागच्या फळीपर्यंत गेलेले. आणि लाकडात खोलवर काळा डाग जिरलेला, खालपर्यंत ओघळलेला.

बहिणीने एका घावात बोटं घातली.

"दादा, हे कुणीतरी दाराला लावलं होतं. आतून. आणि बाहेरून..."

"जुनं सामान आहे गं. सरपणाला फोडायला काढलं असेल कधीतरी." घासूने डबा उघडला आणि लांबी भरायला घेतली. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा लगदा. सगळे घाव बुजवले, घासून सपाट केले, वर पांढरा हात मारला. संध्याकाळी मी गेलो आणि आम्ही ते उचलून तिच्या खोलीत नेलं, कारण पुढच्या खोलीत लाकडाची धूळ उडायची आणि ओल्या रंगावर बसायची. तिची खोली मागे, बोळकंडीच्या टोकाला. भिंतीला लावलं. पाठ भिंतीकडेच.

रविवारी सकाळी घासू चहा घेऊन गेला तर तिचं दार उघडेना. ढकललं, इंचभर सरकलं. आत कपाट दाराला लावलेलं.

"मी नाही हलवलं," ती आतून म्हणाली. झोपेतून उठलेला आवाज. "मला कसं हलेल?"

खांदा लावून त्याने दार उघडलं. भिंतीपासून दारापर्यंत जमिनीवर ओरखडा नव्हता. पाठीतली सगळी लांबी गळून खाली पडली होती. गळून म्हणजे... आतून कुणी ढकलून काढावी तशी. एकेका घावाच्या आकाराचे तुकडे.

घासू घाबरट नव्हता, पण त्याने म्हाताऱ्याला फोन लावला.

"पाठीची फळी काढलीत का?" म्हाताऱ्याने पहिलं हेच विचारलं.

"हो."

 मग, "परत मारा. आजच्या आज." आणि फोन ठेवला.

घासू म्हणाला, आत्ताच परत नेऊन टाकतो. बहीण म्हणाली, "राहू दे दादा. काल मला झोप लागली. सगळी रात्र. तिथून आल्यापासून पहिल्यांदा."

 प्लायवूड उद्या आणू असं ठरलं. रविवारी कुठलं दुकान उघडं असणार. संध्याकाळी त्याने कपाट परत भिंतीला सरकवलं, खणांच्या मुठी काढल्या, पुढच्या बाजूला निळ्याचा शेवटचा हात दिला आणि झोपायला पुढच्या खोलीत आला.

ती मार्चमधल्या तिसऱ्या रविवारची रात्र. पाऊणच्या सुमारास दारावर टकटक झाली. हळू.

"दादा. मी आहे. बोलायचंय फक्त."

मेहुण्याचा आवाज. घासू म्हणाला, सकाळी ये.

"दादा, पाया पडतो. दोन मिनिटं. ती माझं ऐकणार नाही, तुम्ही तरी ऐका."

तो रडत होता. घासूने कडी काढली.

कुऱ्हाड उलटी धरली होती त्याने. बोथट बाजू खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज घासूने स्वतः ऐकला. दुसरा फटका कानामागे. तो पडला. मेहुण्याने त्याच्या छातीवर पाय दिला, पलीकडे गेला. बोळकंडीतला दिवा लावला, जसा स्वतःच्या घरात लावावा तसा. आणि शेवटच्या दारापाशी जाऊन त्याच गोड आवाजात म्हणाला, "उघड. घरी जायचंय."

ती आत उठून बसली होती. दाराला नुसती कडी. ती कपाटाकडे वळली, तर ते भिंतीशी नव्हतं.

दाराला लागलेलं होतं. पाठ दाराकडे, खण तिच्याकडे.

तिने विचार केला नाही. त्या खणांना पाठ लावली, पाय जमिनीत रोवले. रंग ओला, गार, कपड्यातून अंगाला लागला.

पहिला घाव दारावर पडला. मग दुसरा. फळीचा तुकडा उडाला. कुऱ्हाड आत आली, बाहेर गेली. पुढचा घाव कपाटाच्या पाठीत. तिच्या मणक्याला हादरा बसला. आणखी एक. तिचे पाय सरकायला लागले. मोडक्या हाताची कळ डोक्यात गेली.

मग तिला जाणवलं, पाय सरकायचे थांबलेत.

शेजारी कुणीतरी होतं. कपाटाला पाठ लावून. अगदी खांद्याला खांदा. श्वास ऐकू येत होता, दम लागलेला, बाईचा. तिने मान वळवली नाही. वळवावीशी वाटली नाही.

इकडे घासू जमिनीवर. डोळ्यांत रक्त, पण बोळकंडी सरळ समोर दिसत होती. मेहुणा घाव घालत होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. एक घाव. एक घाव. आणि घासूच्या लक्षात आलं...

आवाज जास्त होते.

त्याचा एक घाव. मग मध्ये आणखी एक. त्याची कुऱ्हाड वर असताना. दार हादरत होतं. ढलपे उडत होते. जिथे त्याने मारलंच नव्हतं तिथून.

मेहुणाही थांबला. कुऱ्हाड खाली केली.

घाव थांबले नाहीत.

एक. थोडं थांबून, एक. थांबून... एक. संथ. सवयीचा हात असतो ना, तसा.

मेहुणा वळला. दाराला पाठ लागली त्याची. बोळकंडीत कुणी नव्हतं. दिव्याचा उजेड, आणि लांब पडलेला घासू.

"कोण आहे?" त्याने हळूच विचारलं.

पुढचा घाव लाकडावर पडला नाही.

खांद्यापासून छातीपर्यंत तो उघडला. घासूने पाहिलं. समोर कुणी नव्हतं, काही नव्हतं, आणि माणूस उघडला. ओरडायला त्याने तोंड वासलं. दुसरा घाव तिथेच. हात वर केला. तोही गेला. कुऱ्हाड त्याच्या हातातून आधीच निसटून पडलेली. तो दाराला टेकून खाली सरकला, आणि वरून ते चालूच. त्याच्यासाठी नव्हतंच ते. जो कोण होता त्याला दार फोडायचं होतं. हा मध्ये होता, एवढंच.

कितीतरी वेळ...

आत ती ऐकत होती. आधी लाकडाचा आवाज. मग दुसरा. ओला. डोळे मिटून ती रेटत राहिली. शेजारची रेटत राहिली.

मग थांबलं.

मला फोन तिने केला. काय बोलली ते कळलं नाही, फक्त "टेम्पो" एवढं कळलं. मी गेलो. बोळकंडीत जे होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. आधी घासूला गाडीत घातलं, मग मागच्या खिडकीचे गज वाकवून तिला काढलं.

पोलिसांनी घासूला आठवडाभर दवाखान्यात प्रश्न विचारले. पण मोडक्या खांद्याचा माणूस कुऱ्हाड उचलणार कशी? आणि मेहुण्याच्या कुऱ्हाडीच्या पात्याला रक्तच नव्हतं. नुसता लाकडाचा चुरा. डॉक्टरने लिहून दिलं, घाव याहून रुंद पात्याचे आहेत. तसं पातं कुणाला सापडलं नाही. पुढे सगळं थंडावलं.

मी म्हाताऱ्याकडे गेलो होतो. मला जाब विचारायचा होता. तो ओट्यावर बसला होता, म्हणाला, "माझी काकू त्या खोलीत होती. काकाने दार फोडलं, कपाट फोडलं. काकू वाचली नाही. तो पळाला दूर कुठेतरी, सापडला नाही." मग म्हणाला, "दोघंच राहायचे. मूलबाळ नव्हतं."

बहीण आता बरी आहे. शिवणकाम करते, दोन खोल्यांचं घर घेतलंय भाड्याने. कपाट तिच्याकडेच आहे. घासू किती मागे लागला, जाळून टाकू म्हणून. ऐकलं नाही. पुढून परत रंग देतो म्हणाला, तेही नाही. मुठी बसवायला मात्र त्याला बोलावलं, आणि मीही गेलो होतो सोबत.

रंग तसाच वाळला होता. वरच्या खणांवर तिच्या पाठीचा ठसा, कपड्याची वीणसुद्धा उमटलेली. त्याच्या शेजारी दुसरी पाठ. बारकी. आणि त्या पाठीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत लांब वेणीचा ठसा, पेड मोजता येतील असा. घासूने आणि मी एकमेकांकडे बघितलं. शेजारच्या बाईबद्दल तिने सांगितलं होतं, त्यामुळे त्याची तयारी आम्ही मनात करूनच गेलो होतो.

मग घासू सर्वांत खालच्या खणाची मूठ बसवायला जमिनीवर वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

मी विचारलं, काय रे?

तो बाजूला सरकला फक्त.

दोन्ही पाठींच्या मध्ये, अगदी खाली, निळ्या रंगात दोन तळहात उमटले होते. पूर्ण जोर लावून रेटलेले, बोटं फाकलेली...

एवढे. या धाकटीच्या हाताएवढे.

आणि त्या दोन तळहातांच्या मध्ये, जरा वर, छोटं कपाळ टेकावं तेवढाच रंग पुसला गेला होता.