तेमूर नावाचा पाहुणा

थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण हे खरं आहे. डोर्थियाला विचारा. अर्थात, ती आता यावर बोलत नाही.

वॉशिंग्टन. फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे तीन. बर्फामुळे सगळी ऑफिसं लवकर सुटली होती. आमच्या संस्थेत उरलो दोघंच... खाली दारावर पहारेकरी डोर्थिया, वर चौथ्या मजल्यावर मी.

परदेशातली भांडणं पेटण्याआधी विझवावीत, म्हणून सरकार आम्हाला पोसतं. माझं काम अहवाल नीटनेटके करण्याचं. दूरच्या एका खोऱ्यातल्या शिक्षिकेनं, बंदुका कुणाच्या घरात उतरल्या ते आम्हाला सांगितलं होतं. बाईंचं नाव फुटलं की जीव गेलाच. म्हणून आमची रीत अशी, की साक्षीदाराचं नाव, वय, धंदा सगळं बदलायचं.

पाच वाजता अहवाल जायचा होता.

मी लिहिलं : तेमूर. घड्याळं दुरुस्त करतो. डाव्या पायानं लंगडा.

लंगडेपण उगाच. माझी हौस.

फोन वाजला.

“म्हातारबुवा, पाहुणा आलाय,” डोर्थिया म्हणाली. “असल्या बर्फात तुमच्या गप्पा ऐकायला येतो म्हणजे धन्य आहे.”

“नाव काय?”

“तेमूर. घड्याळं दुरुस्त करतो म्हणे. पाठवलाय वर. सावकाश येईल, पाय अधू आहे बिचाऱ्याचा.”

ते नाव अजून माझ्या कॉम्प्युटरबाहेर गेलं नव्हतं.

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला.

टक... फरफट... टक... फरफट...

माझ्या दाराशी येऊन थांबला.

मी दार उघडलं. कुणी नाही. फरशीवर ओले ठसे... येणारे. जाणारे नव्हते.

तेव्हा लक्षात आलं. त्या खोऱ्यात असा तेमूर खरंच असणार. बंदूकवाले अहवाल वाचून त्यालाच धरणार.

नाव खोडलं. लिहिलं : गुलनोरा. भट्टीवर रोट्या भाजते.

फोन.

“आज जत्रा भरवलीत का वर?” डोर्थिया म्हणाली. “एक बाई आल्यात. कोपरापर्यंत पीठ.”

“नाव विचारू नकोस.”

“न विचारताच सांगितलं. गुलनोरा.”

पाचला दहा कमी. अहवाल अडवावा, तर खोऱ्यात गावंच्या गावं कापली जातील. शेवटी खोटी माणसं काढूनच टाकली. ‘एका व्यक्तीनं सांगितलं’, एवढंच ठेवलं. पाठवला, आणि जिन्यानं खाली पळालो. डोर्थियाकडे वळूनही पाहिलं नाही.

सकाळी तिनं मला टोमणा मारला नाही.

“हार्लन, काल तुम्ही गेल्यावर आणखी एक बाई आल्या.”

“नाव?”

“नाही सांगितलं. तुम्हालाच भेटायचं म्हणाल्या. बोटांना खडू लागला होता.”

मी लिफ्टच्या दाराकडे पाहिलं.

“वर पाठवलं मी,” ती हळूच म्हणाली. “खाली कुणीच उतरलं नाही. तिघांपैकी कुणीच.”

आज अठरा दिवस झाले. त्या शिक्षिकेला मी रोज फोन लावतो.

वाजतो...

कुणी उचलत नाही.