झोपलेल्या सशाची तक्रार

बालवर्ग सुटायला थोडाच वेळ होता, तेवढ्यात दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, डोळे लाल आणि शर्टाची बटणं वरखाली.

"सशाची गोष्ट इथे कोणी सांगितली?"

"मी," बालवर्गाची बाई म्हणाली. "का? आवडली नाही?"

"मी तुमच्या वर्गातल्या या मिरचीचा मामा. छापखान्यात रात्रपाळीला असतो. रात्रभर वर्तमानपत्रं छापतो आणि दिवसा झोपतो... म्हणजे झोपायचो! आता ही घरी येते, माझ्या कानाशी ताट बडवते आणि ओरडते, ऊठ सशा, शर्यत हरशील!"

"बाईच म्हणाल्या, झोपतो तो आळशी," मिरचीने कमरेवर हात ठेवून सुनावलं.

म्हणाली होती खरी. कासवाच्या कष्टांचं कौतुक तिने इतकं रंगवून केलं होतं, की मुलांनी घरोघरी दिसेल त्याला उठवायचा सपाटा लावला होता. तिने ओठ घट्ट दाबले, पण हसू फुटलंच.

"हसू नका," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याच्या गालावर शाईचा डाग होता. तो सांगावा की राहू द्यावा, हे काही तिला ठरवता येईना.

"दुसरी गोष्ट सांगते," तिने कबूल केलं.

पण घाई केली नाही. नाहीतरी ती घरी येऊन उठवणारच, म्हणून मिरचीला न्यायला तोच येऊ लागला, आणि त्याचं येणं तिला आवडू लागलं होतं.

"आज कोण?"

"मुंगी."

"तीही झोपत नाही?"

"माझ्या गोष्टीत तरी नाही."

"तुमच्याकडे कुणाला सुट्टी नसते का हो?"

"तक्रार करणाऱ्यांना तर मुळीच नसते!"

एकदा मात्र बोलता बोलता तो दाराला टेकला आणि उभ्या उभ्या पेंगला. तिने चटकन त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. हाच माणूस रात्री धडधडत्या मशीनपाशी उभा राहणार होता... आणि आपण इथे थट्टा करत बसलोय!

दुसऱ्या दिवशी तिने घुबडाची गोष्ट सांगितली. ते रात्रभर उंदरांपासून सगळ्यांचं धान्य राखतं, म्हणून दिवसा त्याच्या झाडाखालून अख्खं जंगल चवड्यांवर चालतं.

"म्हणजे मामा काम करून झोपतो?" मिरचीने विचारलं.

"हो. खूप काम करून."

मामाला झोप मिळाली आणि मिरचीला न्यायला आजी येऊ लागली. खरं तर बाईने खूश व्हायला हवं होतं. पण वर्ग सुटला की तिची नजर फाटकाकडे जायची आणि तशीच परत यायची. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, दुसरं काय!

एका दुपारी मुलं गेल्यावर ती जमिनीवरचे ठोकळे गोळा करत होती. दारात सावली पडली. तोच होता. केस विंचरलेले, बटणं जागच्या जागी.

"झोपायचं सोडून इथे?"

"झोप येत नाही."

"मिरची पुन्हा ताट..."

"छे! ती तर मांजरालाही म्याव करू देत नाही. घर एकदम शांत आहे. आणि मी छताकडे बघत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असतो." तो थांबला. "मला तुम्ही आवडता... फार. पण मी रात्री कामावर, तुम्ही दिवसा. आपण भेटणार कधी? म्हणून बोलायचा धीरच होत नव्हता."

हातातला ठोकळा तिने उगाच उलटसुलट केला.

"छापखान्यातून घरी कधी येता?"

"उजाडताना."

"मी तेव्हाच उठते. तुमचं रात्रीचं जेवण आणि माझा नाश्ता... एका टेबलावर होईल की."

"रोज?"

"रोज. मग मी शाळेत यायचं आणि तुम्ही मुकाट्याने झोपायचं. मलाही तुम्ही आवडता, पण उभ्या उभ्या पेंगणारा नवरा मला चालणार नाही!"

शब्द निसटला तो निसटलाच. ती कानापर्यंत लाल झाली.

"नवरा?" त्याने हळूच विचारलं.

"ऐकलंत ना? आता घरी जा आणि झोपा."

तो गेला नाही. तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि ठोकळे गोळा करू लागला. पाच मिनिटांचं ते काम दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत पुरवलं.