पडवीतली जागा

हरिश्चंद्राची बदली सावंतवाडीच्या कचेरीत झाली आणि राधाबाईंच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, तेव्हा सुभद्रेला सगळं पसंत पडलं. एक पडवी सोडून. रस्त्यावरून आत शिरलं की पहिली तीच. समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटावं, एवढी चिंचोळी. चिऱ्याच्या उघड्या भिंती, सारवलेली जमीन, आणि उजव्या हाताला भिंतीला पाठ लावून बसलेली अक्का.

अक्का म्हणजे हरिश्चंद्राची आत्या. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालेली. हरिश्चंद्राची आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं, तेव्हा बिऱ्हाड जिथे जाईल तिथे अक्का जाणारच. वाडीत आली तरी तिच्या हाताला चैन नव्हती. कुठून तरी माडाची चुडतं, वाळक्या झावळ्या, मागून आणायची आणि दिवसभर पात्या तासून केरसुणीचे हीर काढत बसायची. सर्र, सर्र. पाचोळा उंबऱ्यापर्यंत. सुभद्रा तोंडाने काही बोलत नसे, पण शेजारणी ये-जा करायला लागल्यापासून तिला त्या आवाजाची लाज वाटू लागली होती.

अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात मामलेदारांच्या पत्नी, माई, अचानक दारात उभ्या राहिल्या. घाटावरचं माणूस, बोलणं कसं धुतल्या तांदळासारखं. पडवीत त्यांनी अक्काला पाहिलं आणि सहज विचारलं, "या कोण?"

सुभद्रेच्या मनात पाप नव्हतं. पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. "घरमालकिणीकडच्या आहेत कोणीतरी," ती म्हणून गेली. "इथे सावली असते, म्हणून येऊन बसतात."

सर्र सर्र थांबली. अक्काने वर पाहिलं नाही. रात्री जेवताना भाच्याला एवढंच म्हणाली, "माका गावाक धाड रे. हयसर माजा मन रमना नाय."

"कित्याक गो? कोण काय बोललो?"

"कोण काय बोलतला? माडांक पाणी कोण घालतला थंय?"

सुभद्रा भाकरीकडे बघत राहिली. तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. अक्का वेंगुर्ल्याच्या गाडीने गावी गेली आणि पडवी मोकळी झाली.

आता चैत्रगौरीचं हळदीकुंकू. वाडीतल्या चार बायका पहिल्यांदाच घरी येणार. सुभद्रेने पदर खोचला. भिंतींना चुना दिला. दारावर मण्यांचं तोरण लावलं. चितारआळीतून रंगीत लाकडी फळं आणली, ती परडीत रचली आणि परडी एका तिपाईवर मांडली. तिपाई ठेवली ती नेमकी अक्काच्या जागी. दुसरीकडे ठेवली असती तर ती जागा ओकीबोकी दिसली असती, आणि सुभद्रेला तिच्याकडे बघायचं नव्हतं.

सकाळी पाहिलं तर तिपाई दाराकडे सरकलेली. फळ एकही हललेलं नाही. बसायच्या आधी आपण हाताने वस्तू बाजूला करतो, तशी ती हलक्या हाताने केलेली. सुभद्रेने ती परत जागेवर नेली. संध्याकाळी पुन्हा तेच.

"जमीन उतरती आसा," हरिश्चंद्र म्हणाला. तिने तांब्या आडवा टाकून पाहिला. तांब्या जागचा हलला नाही. मग तिने जमीन सारवून तिथे ठिपक्यांची रांगोळी घातली, ती तासाभरात मधोमध पुसली गेली. पायाने विसकटल्यासारखी नव्हे. लुगड्याने.

हळदीकुंकवाला बायका आल्या. पन्हं झालं, कैरीच्या डाळीचं कौतुक झालं. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "जरा पाय घ्या हं आजी."

सुभद्रेच्या हातातली गुलाबदाणी कलंडली. ती दारात आली. मागून येणारी प्रत्येक बाई उजव्या बाजूने पदर आवरून, अंग चोरून आत शिरत होती. काढलेल्या चपलांनी सगळी पडवी भरली होती. फक्त भिंतीशी एका माणसापुरती जागा सोडून.

माई निघताना हळूच म्हणाल्या, "त्या आजी अजून येतात होय इथे? थकल्या हो फार. त्यांना थोडी डाळ द्या ना. आपण आत खातोय, बरं दिसत नाही."

ही दुसरी वेळ होती. त्या आमच्याच आहेत, एवढे तीन शब्द. पण कोणाला दाखवून म्हणायचं? शिवाय पहिलं खोटं उघडं पडणार! सुभद्रा "हो" म्हणाली आणि डाळीची वाटी घेऊन बाहेर आली. कोणी नव्हतं. ती वाटी ठेवायला वाकली आणि हात जमिनीला लागला. त्या पडवीत ऊन कधी येत नसे. जमीन कोमट होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती गावी गेली.

पोचेपर्यंत तिला भलतीच भीती होती. पण अक्का घरापुढच्या खळ्यात बसलेली होती, धडधाकट, हीर काढत. सुभद्रा तिच्या पायांशी बसली आणि रडली.

"चुकलंय मी, अक्का. माका लाज वाटली तुमची. आता माझीच लाज वाटता. घराक चला."

अक्काने हातातली पाती तासून बाजूला ठेवली. "जागा आसा मा माका थंय?"

"आसा. तुमचीच आसा ती."

अक्का उठली. तिने गाठोडं बांधलं.

वाडीला पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. सुभद्रेने पुढे होऊन तिपाई उचलली, फळं आत नेऊन टाकली, जागा पदराने पुसली.

"बसा, अक्का."

अक्का उंबऱ्यातच उभी.

"बसू खंय?" ती म्हणाली. "हयसर ही बसली आसा मा."

"कोण?"

अक्काने भिंतीकडे निरखून पाहिलं. मग सुभद्रेच्या तोंडाकडे. पुन्हा भिंतीकडे.

"तुझी आवस काय गो ही? तोंडवळो तुझोच."

सुभद्रेची आई पंचविशीत गेली होती.

"डोक्यार एकव काळो केस नाय," अक्का पुटपुटली. "हिका हयसर भायर कोणी बसयला?"

सुभद्रेचा हात आपल्याच काळ्याभोर केसांकडे गेला.

"सरक गो बाय मातशी," अक्का म्हणाली आणि गाठोडं ठेवून भिंतीशी टेकली. अंग चोरून. शेजारी एका माणसाची जागा राखून. "सुभद्रा, च्या टाक. दोघींकव."

सुभद्रा आत गेली. चूल फुंकताना धूर डोळ्यांत गेला. बाहेर अक्का कोणाची तरी समजूत घालत होती.

"रडा नको. कोणी विचारल्यान तर मी सांगतलंय, आमचीच ती."

त्यावर पडवीतून एक हुंदका आला. तो अक्काचा नव्हता.