तापराखण

पारा पन्नाशी ओलांडू लागला तेव्हापासून नागपुरात भोंगा आला. सकाळी वाजला की घरात शिरायचं, ऊन कललं आणि पुन्हा वाजला की बाहेर यायचं. मधल्या वेळात रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. नागपूरकर मात्र नागपूरकरच. ‘यंदा जरा जास्तच तापून राहिलं’ असं ते दर वर्षी म्हणतात आणि भोंगा वाजल्यावरही फाटकाशी बोलत उभे राहतात.

हेमलता वैरागडे यांना फाटकाशी बोलायला कोणी नव्हतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी वैदर्भी शहराच्या दुसऱ्या टोकाला त्वचासंशोधन केंद्रात. घरात फक्त कापूस होता. पांढरा, झुबकेदार, थंड मुलखातल्या जातीचा कुत्रा. अशी जात ज्याने विदर्भात आणली त्याचा त्या रोज उद्धार करत आणि लगेच कापूसची पापी घेत.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी घोडचूक केली होती. आपण स्वेटर काढतो, तसे त्याचे केस काढले की झालं, असं समजून त्याला पार भादरून आणला. आठवड्याभरात त्याची गुलाबी कातडी भाजून निघाली. मग वैदर्भीने समजावलं. अशा कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस ऊन अडवतात, आतली मऊ लव ऊब धरून ठेवते. उन्हाळ्यात वरचे केस कापायचे नाहीत, आतली सुटलेली लव विंचरून काढायची, म्हणजे केसांतून वारा खेळतो. कौलं उतरवल्याने घर गार होत नाही, तसंच हे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कूलरसमोर फणी चाले. कापूस डोळे मिटून त्यांच्या मांडीवर मान टाकी. हेमलताबाईंना दिवसभरात कोणाचा स्पर्श व्हायचा, तो एवढाच.

पण यंदा फणी पुरेना. एका दुपारी वीज गेली आणि कापूस तोंडाला फेस येऊन कोसळला. कसाबसा वाचला. वैदर्भी आली ती एक इंजेक्शन घेऊनच. त्याला तिच्या केंद्रात तापराखण म्हणत, म्हणजे कातडीने स्वतःच स्वतःला उन्हापासून राखणं. प्रत्येक केसाच्या मुळाशी मज्जातंतूचा बारीक धागा असतो. इंजेक्शनमधलं जनुक त्या धाग्याला नवं काम शिकवतं. ताप वाढला की आतली लव आपोआप गळते, वरचे केस उभे राहून वारा आत घेतात.

“मग तो धागा आधी काय करत होता?” हेमलताबाईंनी विचारलं.

वैदर्भीने सुईचं टोपण परत लावलं. “हळू कुरवाळलेलं त्याच धाग्याला कळतं, आई. तुमच्या टेलिफोनसारखंच आहे. एका तारेवर दोन बोलणी नाही चालत.”

“म्हणजे माझा हात त्याला कळणार नाही?”

“दाबलं तर कळेल, ओढलं तर कळेल. नुसता फिरवलेला हात नाही कळणार.”

हेमलताबाईंनी धापा टाकणाऱ्या कापूसकडे पाहिलं. “टोच,” त्या म्हणाल्या. “जगू दे त्याला.”

कापूस जगला. भर दुपारी अंगणात खुशाल लोळू लागला. लव कोपऱ्याकोपऱ्यात गळून पडे, ती त्या झाडून काढत. संध्याकाळी त्या फणी घेऊन बसल्या की तो सवयीने यायचा, थोडं बसायचा आणि मग उठून दाराशी जायचा. भाकरी दाखवली की शेपूट हलवायचा. तो मजेत होता आणि हेमलताबाईंना त्याचंच वाईट वाटे. आपल्याला इतकं एकटं वाटतं, हे एका कुत्र्यामुळे कळावं याची त्यांना लाजही वाटे.

त्यानंतर एकदा वैदर्भी आली ती भर उन्हात, चालत. चेहरा टवटवीत. हेमलताबाईंनी घाबरून तिला आत ओढलं, तर ती हसली. माणसांवरची पहिली चाचणी तिने स्वतःवरच करून घेतली होती. माणसात तोच धागा अंग तापण्याआधीच घाम आणतो आणि रक्त कातडीकडे वळवतो. पुढच्या उन्हाळ्यापासून साऱ्या शहराला टोचणार होते. मग भोंगा नको, दर वर्षीची मढी नकोत, पोरं दुपारी रस्त्यावर खेळतील.

“आणि हात?” हेमलताबाईंनी विचारलं.

“तळहाताला केस नसतात, आई. तळहात तसाच राहतो.”

ती पाठमोरी बसून कापूसला कुरवाळू लागली आणि पुढच्या उन्हाळ्याबद्दल भरभरून सांगू लागली. कापूस खिडकीबाहेर बघत होता. हेमलताबाई तिच्या मागे येऊन बसल्या. लहानपणी ताप आला की त्या हिच्या पाठीवरून हात फिरवत, तसाच त्यांनी फिरवला. मानेपासून कमरेपर्यंत, अगदी हळू. तळहाताला मुलीची गार पाठ नीट कळत होती. त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या.

बोलता बोलता वैदर्भी थांबली.

“आई,” तिने मागे न बघता हाक मारली, “आत गेलीस का?”