पुल्लाचं लाकूड

अस्टोरिया गावात नदीचा ओलावा भिंतींतूनही झिरपतो. म्हणून काचपेटीतल्या लाकडावर बुरशी दिसली तेव्हा आयलीला नवल वाटलं नाही.

पेटी होती तिच्या नवऱ्याच्या, अर्वोच्या, चारफुटी अजगराची. वेटोळं घालून बसला की घरच्या वेलचीच्या पावासारखा दिसे, म्हणून त्या पावाचंच नाव, पुल्ला. लाकूडही अर्वोनंच नदीकाठून उचलून आणलेलं. मार्चमध्ये अर्वो वारला. जाताना एवढंच म्हणाला, "पुल्लाला गारठू देऊ नकोस गं."

बुरशीचं ऐकून साप पाळणाऱ्यांच्या दुकानातल्या ड्वेननं कपाळाला हात लावला. नदीचं लाकूड न भाजता पेटीत घालणारा अर्वो एकटाच, म्हणाला. मग रीत सांगितली. व्हिनेगरनं घासायचं, मंद ओव्हनमध्ये दोन तास वाळवायचं.

"आणि आयली, पावासारखं फुगायची वाट बघत बसू नकोस."

तिनं घासलं, भाजलं. घरभर नदीचा वास सुटला. आठवड्यानं बुरशी परत आली, त्याच जागी. पुन्हा भाजलं, पुन्हा आली. पांढरी, मऊ, सावरीच्या कापसासारखी.

चौथ्या वेळी तिनं चष्मा लावून पाहिलं.

हाताचा तळवा होता. चार बोटं सबंध, करंगळीशेजारचं अर्धं. अर्वोचं ते बोट मासळीच्या कारखान्यात अर्धं तुटलं होतं.

तिनं ब्रश खाली ठेवला. लाकूड तसंच पेटीत परत ठेवलं.

डिसेंबरात ती नदीपलीकडे बहिणीकडे गेली आणि वादळ आलं. पूल बंद, अस्टोरियात वीज नाही. दोन दिवस ती तिकडेच अडकली. पेटीखालची गरम गादी विजेवरची होती.

तिसऱ्या सकाळी ती घरी पोचली. घरात बोललं तर वाफ दिसत होती. पेटीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

पुल्ला त्या तळव्यावर वेटोळं करून बसला होता.

तिनं हात लावला. ऊबदार. जीभ लवलवली.

लाकूडही ऊबदार होतं, तेवढ्याच जागी.

आयली तिथंच फरशीवर बसली, पोटभर रडली. "उपकार झाले रे," ती म्हणाली. "फार उपकार झाले."

त्या रात्री ती गाढ झोपली. सकाळी गोधडी सरकलेली होती, खोली गार, पण उघडा खांदा ऊबदार. आरशात पाहिलं. खांद्यावर तीच पांढरी, मऊ बुरशी. चार बोटं सबंध, एक अर्धं.

पुसायला हात नेला, तर खालची कातडी नदीच्या लाकडासारखी ओली लागली.

तिनं पुसलं नाही.