गुहाद पिंपाची फुकट मयत

मोगादिशूत गुहादएवढा दरारा असलेला दिग्दर्शक दुसरा नाही; त्याच्या सिनेमात कुणी मानधन मागत नाही. मागून मिळत नाही, एवढंच त्यातलं खरं. कॅमेरासुद्धा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, उसना.

आमच्याकडे माणसाला अंगावरून नाव पडतं. गुहाद पोटामुळे ‘पिंप’, त्याचा मेव्हणा वारसमे ‘काडी’. अनोळखी भेटला तर आम्ही गाव विचारत नाही, ‘पिढ्या सांग’ म्हणतो.

लढाईचा सीन घ्यावा, तर लाकडी बंदूक बघून चौकीवरचे सैनिक खरी गोळी घालतात. म्हणून पिंपानं मयतीचा सीन काढला. जनाजा दिसला की वाटसरू खांदा देणारच, पुण्य कोण सोडतो? गर्दी फुकट! समुद्राकाठच्या कबरस्तानात काडीच्या मापाचा चिंचोळा खड्डा काढून ठेवला.

“माझ्या भावाला जिवंत परत आणा,” बायकोनं, हुबीनं, बजावलं.

“नाहीतर काय, पुरून येतो?”

ऊन कलताना सिनेमातल्या चौघांनी कफनातल्या काडीला उचललं. पिंप कॅमेरा घेऊन मागे. एक वाटसरू आला, दोन आले... आपल्या चौघांचे खांदे कधी सुटले, कळलंच नाही. माणसं वाढतच चालली. ओल्या वाळूचा वास सुटला. एवढी पावलं, पण आवाज नाही. कुणी कलमाही म्हणेना. आणि जनाजा पळायला लागला.

“कट! अरे कट! जिवंत आहे तो!”

एकानंही मागं पाहिलं नाही. पिंपाच्या डोळ्यांपुढे हुबी उभी राहिली. पोट सावरत, धापा टाकत तो टेकाड चढला.

पलीकडे कुणीच नव्हतं. वाळूवर पाऊल उमटलेलं नव्हतं. खड्ड्याच्या काठाशी जनाजा नीट ठेवलेला, आणि काडी उठून बसून कानातली वाळू काढत होता.

“दाजी, ही माणसं कुठनं आणलीत? हात काय गार त्यांचे...”

“जगलास बाबा! चल घरी.” पिंपाला रडूच यायचं बाकी होतं. मग त्याची नजर खड्ड्यावर गेली. “हा... एवढा रुंद कोणी केला?”

“त्यांनीच. एकजण कानाशी पुटपुटला, ‘कोणाचा रे तू? पिढ्या सांग.’ मी केली गंमत. म्हटलं, गुहाद, नूरचा, रूबलेचा... तुमचे सगळे बापजादे घडाघडा म्हणून दाखवले. तर म्हणाला, ‘मग गुहाद हा नव्हे, तो मागून येतोय. खड्डा मोठा करा.’”

“मूर्खा... माझं नाव दिलंस?”

“मग काय माझं देऊ? ताईनं मला जिवंत आणायला सांगितलं होतं, दाजी. तुमच्याबद्दल ती काही बोलली नव्हती.”