डारेलनं दिलेला टो-बार

मोटरहोमच्या मागे गाडी जोडून ओढायची म्हणताय ना पोरांनो? मग ती लाकडं जरा शेकोटीत सारा आणि ऐका. डारेल हस्केट म्हणजे चाकांवरच्या घरांच्या या छावणीतला माझा तेरा हिवाळ्यांचा शेजारी. त्याच्यावर गुदरलेलं, त्यानं मला सांगितलेलं, तसंच सांगतो.

चौदा जानेवारी, मंगळवार. डारेल मोटरहोमचा फ्रीज दुरुस्त करून घ्यायला युमाला गेला होता. एकटाच. बायको नोरीन काही आली नाही. "तुझ्या फ्रीजपायी मी माझा बिंगो बुडवू होय? जा तूच!" म्हणाली. फ्रीजच्या कामाला अख्खा दिवस लागणार, तोवर गावात हिंडायला म्हणून त्यानं छोटी गाडी मागे जोडून नेली होती. काम आटोपून, गाडी पुन्हा जोडून निघेपर्यंत सहा वाजले. निघताना त्यानं टो-बार, म्हणजे दोन गाड्या जोडणारा दोन दांड्यांचा लोखंडी सांगाडा, तपासला. पिना, खिट्ट्या, साखळ्या, ब्रेकची तार. मग पुन्हा पहिल्यापासून.

वर्षभर तो असं दोनदा तपासायचा. लोक म्हणायचे, काय शिस्त आहे माणसाला! डारेलला ते शब्द टोचायचे.

त्याआधीच्या हिवाळ्यात छावणीत लीलंड आणि वेल्मा प्रुइट हे नवरा-बायको नवे आले. लीलंड शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. दर गोष्टीत शंका. डारेलनं चाळीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केलेल्या. सगळी छावणी त्यालाच विचारायची आणि ते त्याला आवडायचं. त्यानं तेव्हा नुकताच नवा टो-बार घेतला होता. जुना पडून होता. त्याच्या उजव्या दांड्याचा अडसर झिजलेला. हातोडी घातल्याशिवाय बसत नसे.

"ने लीलंड. तुलाच दिला."

"वजन पेलेल का रे? माझी गाडी जड आहे."

तो बार हलक्या गाडीचा. किती पेलतो ते त्याच्या पट्टीवर कोरलेलं होतं आणि डारेलला तो आकडा पाठ होता. पण चार माणसं कौतुकानं बघत उभी होती.

"मास्तर, तुम्ही नकाशे बघा. लोखंडाचं मी बघतो."

सगळे हसले. लीलंडही हसला. डारेलनं हातोडीचे दोन घाव घातले.

"बसला ना नीट?" लीलंडनं विचारलं.

"बसला."

त्याच हिवाळ्यात, चौदा जानेवारीलाच, लीलंड आणि वेल्मा युमाहून परत येत होते. छावणीच्या अलीकडे नऊ मैलांवर लांब उतरण आहे. तिथे मागची गाडी झोकांड्या खायला लागली. लीलंडनं कडेला थांबवलं, उतरला, दोन गाड्यांच्या मध्ये जाऊन वाकला. उजवा दांडा आधीच सुटला होता. डावा तेव्हा सुटला. वरची जड गाडी उतारानं खाली आली… रात्रीचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

पोलिसांनी लिहिलं, वजन जास्त. बार कुणी दिला हे कुणी विचारलंच नाही. दफनाच्या दिवशी वेल्मानं डारेलचे दोन्ही हात धरले. "इथे माझ्या माणसाला आपण होऊन मदत करणारा तू एकटाच होतास." डारेलनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःख झालंय.

तर त्या मंगळवारी डारेल त्याच उतरणीला लागला. रस्ता रिकामा. समोरच्या छोट्या पडद्यावर मागचा कॅमेरा चालू होता. त्यात दिव्यांच्या लाल उजेडात टो-बार आणि गाडीचं नाक दिसत होतं.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. घड्याळात सात अडतीस.

पुन्हा पाहिलं.

टो-बारवर कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

पाठमोरं. गाडी पन्नासच्या वेगात. वाऱ्यानं त्याचा शर्टसुद्धा हलत नव्हता. हात मात्र चालू होते. उजव्या दांड्यापाशी… चाचपत.

डारेलचा पाय ब्रेकवर गेला. हळू. अगदी हळू.

त्या माणसानं मान वळवली. सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. ओठ हलले. कॅमेऱ्याला आवाज नसतो… पण काय विचारतोय ते डारेलला कळलं.

गाडी थांबली. डारेल टॉर्च घेऊन उतरला. मागे कुणी नव्हतं. उजव्या दांड्याची खिट्टी नव्हती. पिन दोन बोटं बाहेर आलेली.

त्यानं पिन आत ढकलली. जवळ दुसरी खिट्टी नाही. बुटाची नाडी काढून बांधली. आणि मग त्या काळोखात तो मोठ्यानं बोलला.

"नव्हता बसला, लीलंड. मला माहीत होतं."

टॉर्च विझवून तो वर चढला.

नऊ मैल त्यानं चालत्या माणसाच्या वेगानं काढले. छावणीत शिरला तो सरळ वेल्माच्या दारी. जाळीच्या दारापलीकडे ती उभी राहिली. त्यानं सगळं सांगितलं. हातोडी, पट्टीवरचा आकडा, चार माणसांचं हसणं.



"वर्षभर माझ्या हातचे ॲपल पाय खाल्लेस, डारेल," एवढंच वेल्मा म्हणाली. दिवा मालवला. पुन्हा ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

त्याला रात्रभर झोप नव्हती. उजाडताच तो गाडी सोडवायला बाहेर आला. हिव पडलं होतं. लोखंड हाताला चिकटत होतं.

बुटाची नाडी खाली वाळूत पडलेली. सोडवून, नीट गुंडाळून ठेवल्यासारखी. आणि पिनेच्या भोकात कुंपणाची जाड तार ओवलेली होती. पक्कडीनं पिळावी तशी घट्ट पिळलेली, टोकं आत वळवलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. वाळूवर डारेलच्या स्वतःच्या पावलांशिवाय एक ठसा नव्हता.

त्यानं तारेला बोट लावलं.

तार कोमट होती.